सत्तावीस आणि सदतीस

विमानतळाच्या रडारखोलीत तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. सतरा वर्षं ती कानाला हेडफोन लावून विमानांना वाट दाखवत होती. एकाच दमात चार वैमानिक बोलले तरी कोण काय म्हणालं हे ती बिनचूक सांगायची. आपल्या कानांवर तिचा भारी भरवसा होता, आणि तो काही उगाच नव्हता.

मंगळवारी दुपारी सव्वादोनला तिच्या पडद्यावर सात विमानं होती. सात म्हणजे तिच्या हातचा मळ; गर्दीच्या दिवशी ती चौदा सांभाळत असे. त्यांतली दोन एकाच कंपनीची, एकाच बाजूने उतरायला येणारी. एकाचा क्रमांक चारशे सत्तावीस, दुसऱ्याचा चारशे सदतीस. सत्तावीस अकरा हजार फुटांवर होतं. सदतीस त्याच्या मागून, बारा हजारांवरून, जरा जास्त वेगात येत होतं.

"चारशे सत्तावीस, नऊ हजारांवर उतरा," ताई म्हणाली.

क्रमांक सांगून पलीकडून उत्तर आलं, "नऊ हजारांवर उतरतो."

"बरोबर," ती म्हणाली आणि तिसऱ्याच एका विमानाकडे वळली. त्याला पुढचा काळा ढग टाळायचा होता आणि त्याचे प्रश्न काही संपत नव्हते.

पाऊण मिनिटाने तिची नजर परत आली तेव्हा सदतीसच्या ठिपक्याशेजारी साडेअकरा हजारांचा आकडा होता. सत्तावीस होतं तिथेच, अकरावर. आधी तिला वाटलं, यंत्र चुकतंय. तेवढ्यात आकडा आणखी खाली आला आणि दोन्ही ठिपके लाल होऊन लुकलुकू लागले.

"चारशे सदतीस, ताबडतोब उजवीकडे वळा. तुमच्या खाली विमान आहे."

उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. दोन्ही विमानांतली धोक्याची यंत्रं तोवर बोलू लागली होती, एकाला 'वर चल' आणि दुसऱ्याला 'खाली जा' म्हणून. अशा वेळी वैमानिकाने जमिनीवरच्या माणसाचं नाही, यंत्राचं ऐकायचं असतं. त्यामुळे ताईला करण्यासारखं काही उरलं नाही. दोन ठिपके एकमेकांवर चढले. ती बघत राहिली. मग ते सुटे झाले.

"आत्ता आमच्या डोक्यावरून एक विमान गेलं," सत्तावीसचा वैमानिक म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "फार जवळून गेलं."

नंतर मोजलं तेव्हा मधलं अंतर एकशे चाळीस फूट निघालं. दोन्ही विमानांत मिळून तीनशे सहा माणसं होती. एका हवाईसुंदरीचं मनगट मुरगळलं. बाकीच्यांना एक दणका बसला, आणि काहींनी अंगावर कॉफी सांडल्याची तक्रार केली.

सुपरवायझरने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. उठायचं, असा त्याचा अर्थ. तिने पडद्यावरची विमानं एकेक करून शेजारच्या सहकाऱ्याच्या हवाली केली, मगच हेडफोन काढला. हात स्थिर होते. बाथरूमपर्यंत ती नीट चालत गेली आणि तिथे तिने फरशीवर बसकण मारली. वीस मिनिटांनी बाहेर येऊन तिने जबाब लिहिला: 'मी चारशे सत्तावीसला सूचना दिली. उत्तरही सत्तावीसनेच दिलं. मी ते स्पष्ट ऐकलं.' खाली सही केली.

नवरा शहर बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आमच्याकडे गाडी ठोकली तर कागद होतो. तुमच्याकडे नाही ठोकली त्याचाही कागद."

"तीनशे माणसं होती रे."

"माहीत आहे. म्हणून तर बोलतोय काहीतरी. गप्प बसवत नाही."

ती त्या रात्री जेवली नाही, पण झोपली. आपली चूक नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत टेप लावली. ताईचा आवाज आला, "चारशे सत्तावीस, नऊ हजारांवर उतरा." त्यावर एक पुरुषी आवाज, अगदी स्वच्छ: "चारशे सदतीस, नऊ हजारांवर उतरतो." आणि पुन्हा ताई: "बरोबर."

"परत लावा," ती म्हणाली.

तीन वेळा लावली. तिन्ही वेळा सदतीसच. तिच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा, मंगळवारी नाही. मंगळवारी नुसतं संकट आलं होतं. आज तिचे स्वतःचे कान परके झाले होते. शपथेवर सांगितलं असतं तिने, आणि ते खोटं निघालं असतं.

बाहेर आल्यावर सुपरवायझरने तिला बाजूला घेतलं. माणूस भला होता. "ताई, तो जबाब घाईत लिहिलात. तुम्ही दुसरा लिहून द्या, पहिला मी फायलीतून काढतो. उगाच खोटं बोलल्यासारखं दिसतं."

ताईने विचार केला. मोह झाला नाही असं नाही. मग म्हणाली, "राहू द्या. दुसरा देते, पण पहिल्याच्या मागे जोडा. मी खोटं नाही बोलले, मला तसंच ऐकू आलं. खरी भानगड तीच आहे. तोच कागद काढून टाकला तर चौकशी कशाची करणार?"

"तुम्हालाच जड जाईल."

"जाऊ दे."

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. तिला बघून तो उठला. "मी सदतीसचा कॅप्टन," तो म्हणाला. "माझ्या जबाबात मी लिहिलंय की तुम्ही सदतीसच म्हणालात. अगदी खात्रीने लिहिलंय. आत्ता टेप ऐकायला चाललोय."

ताईला त्याची दया आली. "ऐका," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते."

तो दहा मिनिटांनी आला आणि तिच्या शेजारी बसला.

"माझ्या बायकोला हे कळता कामा नये," तो म्हणाला. "ती तीस वर्षं म्हणतेय, मला बोलणं ऐकू येत नाही, हवं तेच ऐकू येतं."

ताईला हसू फुटलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते अडवलं नाही.

अहवालात ताई आणि कॅप्टन, दोघांच्याही चुकीची नोंद झाली. सदतीसने उत्तर दिलेलं ऐकून सत्तावीसचा वैमानिक सूचना त्याचीच समजला होता, म्हणून तो अकरावरच राहिला होता. कंपनीने एका विमानाचा क्रमांक बदलला. एका वेळी एकसारखे क्रमांक देऊ नयेत असा नियम निघाला, आणि त्याला आधार म्हणून दोघांचे पहिले जबाब शेजारी शेजारी छापले गेले. ताईला सहा आठवडे पडद्यापासून दूर ठेवलं, पुन्हा प्रशिक्षण दिलं. वेतनवाढ एक वर्ष पुढे गेली.

परतल्यावर पहिल्याच दिवशी तिने एका वैमानिकाला विचारलं, "क्रमांक पुन्हा सांगा." तो वैतागून म्हणाला, "आत्ताच सांगितला की."

"ऐकलाय मी," ताई म्हणाली, "तरी सांगा."