दोन भावांचे शंख

मका ठेचताना बोलू नये असं माझी सासू पेनी म्हणते, आणि स्वतः मात्र क्षणभर गप्प बसत नाही. खापरातला गरम दाणा उचलायचा, दगडावर ठेवायचा, वरून दुसरा दगड हाणून चपटा करायचा. जरा चुकलं की बोट गेलंच. त्या सकाळीही तिचं नेहमीचं चालू होतं.

"हळू गं केवा. तुझं सगळंच घाईचं. नवऱ्याला पुरायचीसुद्धा घाईच तुला."

चार वर्षं हे ऐकत होते. एखाद्या दिवशी वाटायचं, हाच दगड उचलावा आणि... जाऊ दे.

आमचं गाव देवमाशाच्या शिकारीवर जगतं. चार वर्षांपूर्वी अशाच एका देवमाशानं आमच्या कुळाची नाव फोडली. बाकीच्यांना दुसऱ्या नावेनं उचललं. माझा नवरा कोपोंग आणि त्याचा धाकटा भाऊ गोरिस, हे दोघं सापडले नाहीत. समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही की आम्ही तांबड्या पट्ट्यांचा एक शंख शोधून आणतो, कांद्याच्या सालीसारखा पातळ. त्याला पेटीत निजवायचं, प्रार्थना म्हणायची आणि पुरायचं. लग्न झालेल्याचा शंख पेटीत बायकोनं ठेवायचा, न झालेल्याचा आईनं. कोपोंगचा मी ठेवला, गोरिसचा सासूनं. त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "अजून थोडं थांबूया का?" डुक्कर कापून झालं होतं, सारं कूळ जमलं होतं. म्हातारी दुःखानं बरळतेय, असं मला वाटलं होतं.

तर मका ठेचत होतो. किनाऱ्याकडून एक माणूस चढ चढून येत होता, डावा खांदा जरा वर काढून. तशी चाल या गावात दोघांचीच. कोपोंग!

मग चेहरा दिसला. गोरिस होता.

दगड माझ्याच बोटावर बसला. नख फुटलं, रक्त मक्यावर सांडलं. शेजारची बार्बरा पाण्याची घागर टाकून पळाली ती थेट चर्चमध्ये. आणि सासू? तिनं एकदा वर पाहिलं, तिचा चेहरा राखेसारखा झाला आणि तिनं मान खाली घालून पुढचा दाणा ठेचला.

"आई," गोरिस म्हणाला.

तिनं अजून एक दाणा ठेचला.

तेवढ्यात कुळाचे वडीलधारे कानिसकाका धापा टाकत आले. "कुणी नाव घेऊ नका त्याचं! पाणी देऊ नका! उंबऱ्याच्या आत घेऊ नका!" मग हवेकडं बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "पोरा, तू जमिनीत आहेस. आधी शंख वर निघू दे. अखंड निघाला तर समुद्राला परत देऊ आणि तू आमचा. फुटला असेल तर ज्या बोटीनं आलास तिनंच जा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. मी लहान असताना असाच एक जण परतला होता. त्याचा शंख फुटका निघाला. पुढं तो डोंगरापलीकडं राहिला, तिकडंच मेला, आणि त्याची बायको इकडं विधवाच राहिली.

गोरिसला किनाऱ्यावर, नावा ठेवायच्या छपराखाली बसवलं. मला राहवेना. मेलेल्याशी बोलायचं नसतं, पण नावेशी बोलायला कुणाची बंदी आहे? मी नावेच्या नाकाडाला हात लावून म्हटलं, "नावे बाई, माझा नवरा कुठं आहे गं?"

गोरिसही नावेकडं बघतच बोलला. "वहिनी, एका फळीवर तो होता, एकीवर मी. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आमची ताटातूट झाली. मला परक्या देशाच्या मोठ्या मासेमारी बोटीनं उचललं. कागदपत्रं नाहीत म्हणून किनाऱ्याला उतरूच देईनात. मासे साफ करून करून हात सडले."

"आणि तो?"

"शेवटचा बघितला तेव्हा जिवंत होता. मला हात करत होता."



दुपारी कुदळी घेऊन सगळे कबरींपाशी जमले. दोन्ही क्रूस शेजारी शेजारी. गोरिसच्या क्रूसाखाली पहिला घाव पडणार तोच सासू आडवी आली.

"खणू नका."

"अगं, वेड लागलं का तुला?" बार्बरा ओरडली. "पोटचा पोर दारात आलाय आणि तू त्याला मातीतच ठेवतेस?"

"खणू नका म्हटलं ना!"

कानिसकाकांनी तिला हाताला धरून बाजूला केलं. माती उपसली, पेटी वर आली, झाकण निघालं.

आत गोरिसचा जुना सदरा होता. सदऱ्यात एक करवंटी. शंख नव्हता.

गोरिसला बिचाऱ्याला काही कळेना, तो एकदा पेटीकडं आणि एकदा किनाऱ्यावरच्या बोटीकडं बघत होता. कानिसकाकांनी करवंटी उचलली. "चार वर्षं... करवंटीपुढं प्रार्थना म्हटल्या आपण? दोन हंगाम देवमासा फिरकला नाही, तो यामुळं?"

"म्हणूनच खणू नका म्हणत होते," सासू म्हणाली. ती वळली आणि घराकडं चालू लागली. कुणी अडवलं नाही. परत आली तेव्हा तिच्या काखेत मक्याची टोपली होती, ज्या टोपलीतून रोज मी वरवरचा मका काढायचे तीच; तळाला ती मला कधी हात घालू देत नसे. तिनं तळापर्यंत हात घातला आणि शंख बाहेर काढला. तांबडे पट्टे जसेच्या तसे. एक टवकासुद्धा उडालेला नाही.

"मला नाही पुरता आला," ती म्हणाली. "झाकण लावायच्या आधी काढून घेतला. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पोराला पाणी द्या."

कानिसकाकांनी शंख उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हातारे, तुला शिक्षा करायची तर शंख फुटका हवा होता. हा तर अखंड आहे." त्यांनी तो समुद्रात नेऊन सोडला. लाटेवर डुलत तो निघून गेला. मगच सासूनं गोरिसच्या तोंडाला पाणी लावलं आणि असा हंबरडा फोडला की डोंगरावरच्या गावांनाही ऐकू गेला असेल.

मी तिथंच कबरींपाशी उभी होते. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. "गोरिसचा शंख माझ्या हातात होता," ती म्हणाली. "कोपोंगचा तुझ्या हातात होता. मी तुला म्हटलं होतं, थांबूया."

"मला सांगायचं होतंस! सरळ सांगायचं होतंस ना!" मी किंचाळले. "चार वर्षं टोमणे मारलेस, एकदा सांगायला काय झालं होतं?"

मी पडलेली कुदळ उचलली.

"केवा, तो आलेला नाही," कानिसकाका मागून म्हणाले.

"माहीत आहे मला. उद्या आला तर?"

मी दुसऱ्या क्रूसाखाली घाव घातला. फुटलेल्या नखातून पुन्हा रक्त आलं. कुणी अडवेना. सासू गुडघ्यांवर बसून हातांनी माती ओढू लागली. पेटी वर आली. मातीच्या भारानं झाकण आत बसलं होतं. मी ते उचललं.

शंखाचा चुरा झाला होता. एकही तुकडा नखाहून मोठा नव्हता.

सासूनं नेसूचा ओचा पसरला आणि एकेक तुकडा वेचून त्यात घेऊ लागली. मी वाट बघत होते, आता ती बोलेल, आता म्हणेल की तुला घाई होती. ती काहीच बोलली नाही.