मस्कतचा नवरा

सिद्धराजू थापा मारतो, हे नागवेणीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तळमजल्यावरचंच घर भाड्याने हवं, असं तिने या एजंटाला बजावून सांगितलं होतं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, जिना तिला आता जमणार नव्हता. तर या पठ्ठ्याने दाखवलं काय, हनुमंतनगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर! "लिफ्ट येणारच आहे, मॅडम." पुढचं घर तळमजल्यावर होतं खरं, पण दाराशी पोचायला उंचच उंच पायऱ्या. "या पायऱ्या जिन्यात धरत नाहीत, मॅडम. थोडं ॲडजस्ट करा."

ॲडजस्ट करा! बंगळुरातले एजंट हे दोन शब्द आईच्या पोटातूनच शिकून येत असावेत. हा पाच मिनिटांत फोन करतो म्हणायचा आणि दिवसभर गायब व्हायचा. नागवेणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बाकीचे एजंट तर बाई घटस्फोटित आहे म्हटल्यावर फोनच ठेवून देत. हा निदान उचलत होता.

शेवटी सावित्रम्मांचं घर निघालं. अंगणातून सरळ आत, कुठे उंबरासुद्धा नाही. आईची चाकांची खुर्ची थेट खोलीपर्यंत गेली असती. सिद्धराजूने आधीच ताकीद दिली, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. बोलायचं काम माझं." नागवेणी गप्प बाहेर अंगणात थांबली, तिथेच चुकली.

दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यातून सोडणार होते. सकाळीच नागवेणी दूध आणि नवं पातेलं घेऊन आली. दूध उतू गेल्याशिवाय सामान आत न्यायचं नाही, ही तिकडची रीत. सावित्रम्मा हळदकुंकू घेऊन स्वयंपाकघरात उभ्याच होत्या.

"यजमान कुठायत? दूध जोडीनं ठेवायचं असतं."

"सांगितलं ना, अज्जी, मस्कतला असतात," सिद्धराजू मध्येच म्हणाला. "पुढच्या महिन्यात येतायत."

नागवेणी त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाने परस्पर तिचं लग्न लावून नवरा परदेशी धाडलासुद्धा!

"कोण मस्कतला?"

"मॅडम, थोडं ॲडजस्ट..." तो कुजबुजला.

"गप्प बस! अज्जी, मला नवरा नाही. घटस्फोट होऊन सात वर्षं झाली. मी कमावते आणि आईला सांभाळते. यानं तुम्हाला काय सांगितलं ते मला आत्ता कळतंय."

सावित्रम्मांचा चेहरा उतरला. हातातला करंडा त्यांनी बंद केला. "मग तुझ्या हातून दूध नको, मुली. घराचं शुभ-अशुभ बघावं लागतं. एखादी सवाष्ण बोलाव."

"माझी बायको येईल!" सिद्धराजूने लगेच फोन काढला. "दूध ती ठेवेल, राहतील या. कुणाचं काय बिघडलं?"

नागवेणीला आई आठवली, खुर्ची आठवली. एक 'बरं' म्हटलं की घर मिळत होतं. पण तिने सावित्रम्मांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं.

"अज्जी, तुमच्याकडचं रोजचं दूध कोण तापवतं?"

सिद्धराजूने जीभ चावली. आता घर गेलंच, असं तिला वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

सावित्रम्मांनी करंडा ओट्यावर ठेवला. मग तुटकपणे म्हणाल्या, "मीच तापवते. उतू गेलं तर पुसतेही मीच. शुभ म्हणून बघायला कोण येतंय?" आणि सिद्धराजूकडे वळून कडाडल्या, "तो फोन ठेव आधी! पेटव गं तू."

नागवेणीने गॅस पेटवला. दूध वर आलं, फसफसून ओट्यावर सांडलं.

"बघा, कसं जमवून आणलं!" सिद्धराजू हसत म्हणाला.

"चालता हो," नागवेणी म्हणाली.

तिने सवयीने फडकं उचललं. सावित्रम्मांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "मला जरा बघू दे."