नऊ नंबरची चादर

मी एक चादर आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर चादर म्हणजे काहीतरी मऊसूत ऐकायला मिळेल म्हणून तुम्ही पाय पसरून बसाल. मऊ मी होते. आता माझ्या अंगावर रंगाचे दोन हात आहेत आणि घडी घातली की मी पापडासारखी कडकड वाजते.

ज्या घरात मी राहते तिथली आई तीन रात्री झोपली नाही. काळजी एकच : पोरीला सांगायचं कसं, की आपला नऊ नंबर गेला?

पोरगी साडेसहा वर्षांची. एका जागी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आणि नऊ नंबर म्हणजे आपल्या क्लबचा तो, ज्याने गेल्या हंगामात एकवीस गोल मारून आपल्याला वरच्या गटात नेलं. तो नदीपलीकडच्या क्लबात गेला. नवा हंगाम चार दिवसांवर आलेला असताना! क्लबाने दारावर एक कागद चिकटवला, 'परस्पर संमतीने.' कोणाची संमती हो? मला कोणी विचारलं? आईला? आजोबांना, जे चाळीस वर्षं मैदानाच्या गॅलरीत उभे राहून घसा फोडतायत?

पण थांबा, सुरुवातीपासून सांगते. चिडले की माझा क्रम चुकतो. तसा मला चिडण्याचा अधिकार आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. हा आईचा गुण माझ्यात उतरलाय.

माझा जन्म गिरणीतला. विणताना एका कोपऱ्याजवळ धागा तुटला आणि शेंगदाण्याएवढं भोक राहिलं. तपासणाऱ्या बाईने माझ्यावर निळी फुली मारली आणि मला दुय्यम मालाच्या गठ्ठ्यात भिरकावलं. त्या भोकाची मला जन्मभर लाज वाटत आली. आईने मला घेतलं तेव्हा ती आई व्हायची होती. म्हणाली, "भोक पायाशी घेऊ, कोणाला दिसतंय!"

मग भिंगरी झाली. माझ्यावर दूध सांडलं, औषध सांडलं, आणखी काय काय सांडलं ते सांगत नाही. आई घडोघडी वाकून पोरीचा श्वास चाललाय ना ते बघायची आणि तेवढा वेळ स्वतःचा रोखून धरायची. शिकलेली बाई. प्रत्येक काळजी पुस्तकात शोधायची आणि येताना सोबत आणखी दोन घेऊन यायची.

नोकरी मात्र तिची झोकात. रंगाच्या दुकानात शेड जुळवून देण्याच्या काउंटरवर ती बसते. गिऱ्हाईक फुटकी बशी घेऊन येतं, म्हणतं, "अगदी अस्साच पाहिजे," आणि ती थेंबाथेंबाने मिसळून तस्साच काढून देते. रंगात ती कधी चुकत नाही. बाकी सगळ्यात आपण चुकतोय असं तिला सकाळी उठल्यापासून वाटत असतं.

आता आमच्या उत्तर गॅलरीची रीत ऐका. हंगामाच्या तोंडावर अकरा घरं अकरा चादरी आणतात आणि चिठ्ठ्या टाकून नंबर वाटून घेतात. ज्या घराला जो नंबर येईल तो त्यांनी चादरीवर रंगवायचा, चादर कठड्याला बांधायची आणि वर्षभर आपल्याच चादरीमागे उभं राहायचं. जागा बदलायची नाही, म्हणे संघाला लागतं. आजोबांच्या नशिबी इतकी वर्षं पाच नाहीतर अकरा यायचा. गेल्या वर्षी आईने चिठ्ठी उघडली, तर नऊ! आजोबांनी चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

नंबर रंगवायचा तो कच्च्या रंगाने, हीसुद्धा रीतच. हंगाम संपला की चादर धुवायची. पण आई रंगाच्या दुकानातली! "कच्चा रंग? आणि नऊ नंबरला?" असं म्हणून तिने इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो रंग आणला. क्लबाच्या हिरव्याशी तंतोतंत जुळवलेला.

दुकानातला जोडीदार म्हणाला, "अहो, चादर आहे ती, गच्चीची भिंत नव्हे."

"सात वर्षांची हमी आहे याला. ऊन लागू दे, पाऊस लागू दे."

"कशाची हमी? रंगाची, का त्याच्या पायांची?"

आई हसली. मीही हसले असते, पण तोवर मी वाळून ताठ झाले होते. नऊच्या डोक्यात जी गोल पोकळी असते, ती भिंगरीने आई आत गेलेली बघून हौसेने भरून टाकली. त्यामुळे तो नऊ कमी आणि आमटीची पळी जास्त दिसायचा. गॅलरीत आमची थट्टाही तशीच व्हायची. "आली का पळी? बांधा, बांधा!"

आणि काय सांगू, वर्ष सोन्यासारखं गेलं. शेवटच्या सामन्यानंतर तो स्वतः कठड्यापाशी आला, माझा काठ हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माझं घर आहे. मी कुठे जातोय?" मग त्याच काठाला त्याने घामेजलं नाक पुसलं. आणि मी, मूर्ख, धन्य झाले! आईने तो काठ धुवायचा नाही असं ठरवलं. आज तो काठ आठवला की माझा धागान् धागा पेटतो.

भिंगरीचं म्हणाल, तर ती वर्षभर एकाच जागी बसली. मोठी माणसं उभी, ती माझ्या मागे पायरीवर, मला नाक चिकटवून. गोल झाला की आजोबा तिला उचलून वर धरायचे, पण तोवर मैदानावर नुसता माणसांचा ढीग झालेला असायचा.

"बाबा, बघा तरी," आई आजोबांना म्हणायची, "एरवी दोन मिनिटं स्वस्थ बसत नाही. चादरीला मिठी मारून बसलीय."

"रक्तातच आहे," आजोबा म्हणायचे.

मला तोंड असतं तर तेव्हाच एक गोष्ट ओरडून सांगितली असती. पण नव्हतं. आणि दोघांचे डोळे नऊ नंबरवर.

असो. तो गेला. बुधवारपासून घरात लपाछपी सुरू झाली. वर्तमानपत्र गादीखाली. टीव्ही 'बिघडलाय'. भिंगरीच्या बाबांना फुटबॉलमधलं एकच कळतं, मध्यंतर कधी होतं ते, कारण तेव्हाच बायको फोन उचलते. त्यांनाही ताकीद. गुरुवारी गॅलरीतला ढोलवाला दारात आला. एरवी तो बस चालवतो.

"ताई, शनिवारी दुपारी गेटवर. सगळे जमणार आहेत. तुमचा नऊ नंबर आणा, काडी मी लावतो."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आणते. जळून जाऊ दे एकदाचा."

एकदाचा! जिच्यावर तुझं लेकरू निजलं, दूध ओकलं, रांगायला शिकलं, तिला काडी? नाक पुसून गेला तो, आणि जळायचं मी? त्या घटकेला मला त्या नऊ नंबरपेक्षा आईचा राग जास्त आला.

शुक्रवारी तिचं मन कच खाऊ लागलं. जाळण्यापेक्षा पुसून बघू म्हणून तिने थिनरची बाटली आणली आणि तासभर मला घासलं. तिची बोटं सोलली, माझी कातडी सोलली, नऊ जागचा हलला नाही. सात वर्षांची हमी खरी निघाली. या सगळ्या प्रकरणात शब्दाला जागला तो फक्त रंग.

"पोरीला घरी ठेव उद्या," आजोबा म्हणाले.

"का म्हणून विचारेल ती."

"मग सांगून टाक."

"सांगते हो! काय सांगू? ज्याच्यासाठी ती चादरीला चिकटून बसायची, तो आपल्याला सोडून गेला म्हणून? साडेसहा वर्षांची आहे ती, बाबा. तिला वाटेल, माणसं अशी जातातच. परत कशावर जीव लावायचीच नाही." आईचा आवाज फाटला. "आणि लावायला मीच शिकवलं."

शनिवारी दुपारी गेटवर चाळीस-पन्नास माणसं. रॉकेलचा वास. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला होता, हातात काडेपेटी. मी आईच्या काखेत. आई रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून.

"भिंगरे, ऐक. आपला नऊ नंबर आहे ना, तो आता आपल्याकडून खेळणार नाही."

"माहितीय."

"कोणी सांगितलं?"

"आजोबांनी. म्हणाले, आईला बोलू नकोस, ती रडेल."

आईने वर बघितलं. आजोबा बुटाची नाडी तपासत होते. ती सुटलेली नव्हती.

"मग... तुला वाईट नाही वाटलं?"

भिंगरीने जरा विचार केला. "दोन नंबर आहे ना अजून?"

"कोण दोन नंबर?"

"अगं तो, गुडघ्याला पांढरी पट्टी बांधतो तो."

"आहे. तो आहे."

"मग झालं."

"पण राणी, तुझा नऊ नंबर..."

"मला तो कधी दिसलाच नाही," भिंगरी म्हणाली. "चादर मध्ये येते ना."

काडेपेटी ढोलवाल्याच्या हातातच राहिली. "म्हणजे वर्षभर?" त्याने विचारलं.

"चादरीला भोक आहे. त्यातून कोपरा दिसतो. तिथे दोन नंबर असतो. तो खूप खूप पळतो, आणि त्याला कोणी टाळ्याच वाजवत नाही. म्हणून मी वाजवते. मध्यंतरानंतर तिथे दुसऱ्यांचा कोणीतरी येतो. तेव्हा मी डबा खाते."

हीच ती गोष्ट. हेच मला वर्षभर ओरडून सांगायचं होतं. ज्या भोकापायी मला फुली मिळाली, त्याच्यावर त्या पोरीचा आख्खा हंगाम निभावला होता.

आई उठली. तिचा चेहरा असा झाला होता, की ढोलवाला पाऊलभर मागे सरकला.

"काडी लावू ना, ताई?"

"थांबा! वर्षभर मी त्या माणसाच्या नावाने बोंबलत होते, आणि माझ्याच पोरीच्या डोळ्यांपुढे पडदा धरून उभी होते. कात्री आहे का? ढोलाच्या दोऱ्या कापता ती?"

कात्री होती. आईने मला गेटासमोरच्या जमिनीवर पसरलं आणि नऊच्या डोक्यात, पोरीने रंगवलेल्या त्या गोलात, कात्री खुपसली. खर्रर्र! चांगलं ताटाएवढं वर्तुळ कापून काढलं. जाळायच्या ऐवजी कापलं, हे उपकार मानायचे का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अहो, पण पळून गेलेल्याचा नंबर टांगणार तुम्ही?" ढोलवाला कळवळून म्हणाला.

"नंबर क्लबाचा आहे. घालेल कोणीतरी. आणि नाही घातला, तरी खिडकी माझ्या पोरीची आहे. धरा ते टोक."

त्याने मुकाट्याने टोक धरलं.

तर आता हंगामाचा पहिला सामना आहे आणि मी कठड्यावर आहे. अंगाला थिनरचा वास, काठाला त्याच्या नाकाचा डाग, डोक्याच्या जागी भगदाड, आणि हमीची सहा वर्षं शिल्लक, म्हणून यंदाच्या चिठ्ठ्यांतून नऊ आमच्यासाठी वगळलेला. राग गेलेला नाही. जाणारही नाही इतक्यात, तोही पक्का रंग आहे. नदीपलीकडच्यांबरोबर सामना पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा तो याच कठड्यासमोरून जाईल. मी असेन इथेच.

तुमच्याकडे मागणं एकच. माझ्यावर कोणाचाही नंबर रंगवा, हवं तर सात थर द्या. पण टांगण्याआधी एकदा वाकून बघत चला, मागे कोण बसलंय ते.

शिट्टी झाली. भिंगरीने भगदाडात डोकं घातलं. कान अडकले, तसे तिने ते एक एक करून बाहेर ओढले. हनुवटीखाली माझा रंग टोचत होता, पण ती हलली नाही. बराच वेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. आई तिच्या मागे, पुन्हा श्वास रोखून.

"आई, हिरव्यातले सगळे आपले?"

"सगळे."

"अगं, मग अजून केवढे उरलेत!"