खिशाएवढं कलम

नियम करायला आजीला कधी कागद लागला नव्हता. दिवा कधी मालवायचा, कुणाला पाहुणा म्हणायचं आणि कुणाला रिकामटेकडा, हे सगळं तिच्या जिभेवर असायचं. जीभ तिच्या कात्रीसारखीच होती, रोज चालणारी आणि कधी न बोथटणारी. चाळीस वर्षं तिनं घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम केलं. कोट, पँटी, शाळेचे गणवेश. त्याच मशीनवर एकटीनं मुलगा वाढवला, सून घरात आणली आणि पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं, "स्वयंपाकघर तुझं. चालणार मात्र माझ्या म्हणण्यानं." त्याला चोवीस वर्षं झाली. सुनेनं तेव्हा मान हलवली होती, ती अजून हलवतच होती.

म्हणून नात जेव्हा म्हणाली, "आजी, आमच्या मंडळाची नियमावली लिहायचीय, पुढची खोली देशील का?" तेव्हा आजीला हसूच फुटलं.

"तीस पोरं ताब्यात ठेवायला नियमावली लागते होय गं ठमे? मला एक दिवस पाठव विद्यापीठात."

"ताब्यात नाही ठेवायचंय कुणाला. लोकशाही आहे."

"असू दे की. तिलाही कुणीतरी ओरडणारं लागतंच."

ठमी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. राजकारणावर वाद घालणारं, मोर्चे काढणारं, विद्यार्थी परिषदेची निवडणूक लढवणारं हे मंडळ तिनंच शून्यातून उभं केलं होतं. पत्रकं तिनं वाटली, वसतिगृहाच्या पायऱ्या तिनं झिजवल्या, एकतीस सभासद तिनं जमवले. पण विद्यापीठाचं म्हणणं असं की नियमावली मंजूर झाल्याशिवाय मंडळ नाही, मंडळ नाही तर खोली नाही आणि निवडणूकही नाही. शुक्रवारी पाचच्या आत कागद कार्यालयात हवा. तोही एकच, अखंड, खाली सगळ्यांच्या सह्या असलेला. मागं कुण्या मंडळानं सह्यांच्या वरची पानं बदलली होती म्हणे, तेव्हापासून कार्यालय दुधानं पोळलेलं. घडी पडलेला कागद चालणार नाही, डकवलेला तर मुळीच चालणार नाही, असं नोटिशीत ठळक लिहिलं होतं.

एवढा मोठा कागद गावात एका माणसाकडे होता. आजीकडे. कपड्यांचे साचे कापायला ती जाड तपकिरी कागदाची गुंडाळी ठेवायची. त्यातला दोन हात लांब तुकडा तिनं मोठ्या मनानं दिला आणि कापायच्या टेबलावर अंथरूनही दिला.

मंडळात आजीनं दोघांनाच नीट ओळखलं होतं. एक उंच, देखणा, तिसऱ्या वर्षाचा. त्याला पाणी हवं असलं तरी आधी प्रस्तावना करायचा. आजीनं त्याचं नाव भोंगा ठेवलं. दुसरा कायद्याचा विद्यार्थी, किडकिडीत, चष्मेवाला. "दार उघडं आहे" असं म्हटलं तर "कोणत्या कलमाखाली?" असं विचारेल असा. तो पोटकलम.

बुधवारी भोंग्यानं नियमावली सुंदर अक्षरात उतरवली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. ठमी तेव्हा कार्यालयात शिक्क्याच्या अर्जासाठी रांगेत उभी होती. भोंग्याचं वाचन तास सव्वा तास चाललं. अर्धे पेंगले, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सह्या झाल्या. संध्याकाळी ठमी धावतपळत आली, घड्याळ बघितलं, शेवटची सही ठोकली आणि अर्ज घेऊन पुन्हा पळाली. कागदाला घडी पडू नये म्हणून तो आजीच्या टेबलावरच राहिला.

गुरुवारी दुपारी घरात सामसूम होती. आजीनं चष्मा लावला.

आजीची शाळा चौथीत सुटली होती, पण अक्षर तिला सोडून गेलं नव्हतं. विजेचं बिल ती वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, वर्तमानपत्रातल्या गेलेल्या माणसांची यादी तर तोंडपाठ व्हायची. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द चावून खाल्ल्यासारखं वाचायची, पण वाचायची. नातीनं उभं केलेलं सगळं या कागदावर आहे, तर ते वाचल्याशिवाय आजी कशी राहणार? सहा कलमं तिनं मान डोलवत संपवली. सातव्यावर बोट थांबलं.

'कलम सात. अध्यक्षपदाचा उमेदवार किमान तिसऱ्या वर्षात शिकणारा, वसतिगृहात राहणारा आणि वक्तृत्वाची किमान दोन बक्षिसं मिळवलेला असावा.'

ठमी दुसऱ्या वर्षाला. घरी राहणारी. बक्षीस म्हणाल तर लहानपणी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मिळालेलं एक.

आजीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांत तिनं हजारो मापं घेतली होती. कुठला कपडा दुकानात टांगायला शिवलाय आणि कुठला एकाच माणसाच्या अंगावर बेतलाय, हे तिला उसवलेल्या शिवणीवरूनही कळायचं. हे कलम तर भोंग्याच्या खांद्यांवर, भोंग्याच्या उंचीचं, इंचभरही ढिलं न ठेवता बेतलेलं होतं. नुसतं बटण लावायचं बाकी होतं.

"मेल्या," आजी रिकाम्या खोलीला म्हणाली, "कापड माझ्या पोरीचं, आणि कोट तुला होय?"

मग कात्री चालली. आजीनं चालवली म्हणण्यापेक्षा अडवली नाही म्हणू. खिशाच्या आकाराचा, खाली गोलाई असलेला नेटका तुकडा निघाला. त्यावर कलम सात, अथपासून इतिपर्यंत. सहाला धक्का नाही, आठला ओरखडा नाही. तो तुकडा आजीनं साच्यांच्या डब्यात टाकला आणि हात झटकले. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, मला वाटलं माझाच कागद, खिशाचा साचा कापला.

चार वाजता एकवीस जण जमले. टेबलाभोवती गोल करून उभे राहिले आणि कागदाच्या मधल्या भोकातून सगळ्यांना टेबलाचं लाकूड दिसलं.

"आजी!" ठमी किंचाळली. "हे काय झालं?"

आजीनं ठरलेलं उत्तर दिलं. चेहराही ठरलेलाच, गरीब गायीचा. तो तिच्या तोंडावर बेतलेला नव्हता, ठिकठिकाणी सुरकुतत होता.

ठमीनं डोकं धरलं. "उद्या पाचला द्यायचाय. नवीन कागदावर एकतीस सह्या कुठून आणू? दहा जण गावाला गेलेत."

"आजी, तुकडा कुठे टाकलात?" पोटकलमानं विचारलं.

"असेल कुठं तरी. म्हातारपणी लक्षात राहतंय का?" हे वाक्य आजीनं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं झाकण पडलं.

इथवर सगळं निभावलं होतं. पण भोंग्याला दया आली.

"जाऊ द्या रे मित्रांनो," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "आपण आजींना दोष द्यायचा नाही. त्या बिचाऱ्या निरक्षर. त्यांना तपकिरी कागद आणि नियमावली यातला फरक तो काय कळणार?"

आजीनं ओठ आवळले. ठमीसाठी, ठमीसाठी, असं मनात घोकलं.

भोंगा वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा सावकाश, मोठ्यानं बोलू लागला. "आजी, हे बघा. ही जी काळी काळी चिन्हं दिसतात ना, त्यांना अक्षरं म्हणतात."

आजीचा धीर सुटला. सासूचं ऐकून घेतलं नाही, ती आजी या पोराचं ऐकून घेणार!

"अक्षरं म्हणतात होय रे? मग ऐक तुझी अक्षरं! कलम सात! अध्यक्षपदाचा उमेदवार किमान तिसऱ्या वर्षात शिकणारा, वसतिगृहात राहणारा, आणि वक्तृत्वाची किमान दोन बक्षिसं मिळवलेला असावा! आणि 'वक्तृत्व' लिहिताना तुझी शाई सांडलीय, तिथं डाग आहे!"

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिवणाऱ्या बाईची खोली, एक पडलीही.

"हे असं कलम आहे?" मागून एक मुलगी म्हणाली.

"वाचलं होतं मी," भोंगा म्हणाला. "बुधवारी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"त्या संपलं म्हणून वाजवल्या!"

ठमीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आजीला वाटलं, आता पोर त्या भोंग्याची कॉलर धरणार. ठमीनं आजीकडे हात पुढे केला.

"तुकडा दे."

"अगं, पण ठमे, त्यानं तुला..."

"कळलं मला त्यानं काय केलं. तू काय केलंस तेही कळलं. तुकडा दे आजी."

हा आवाज आजीनं ओळखला. तो तिचाच होता. तिनं निमूट डब्यातून खिसा काढून दिला. ठमीनं तो भोकात बसवला, तंतोतंत बसला, आणि म्हणाली, "हे कलम सगळ्यांनी सही केलेलं आहे. कात्रीनं रद्द होणार नाही. मतानं झालं तर होईल. विषय माझ्याशी संबंधित आहे, म्हणून मी मत देणार नाही. मोजणी पोटक... मोजणी हा करेल."

पोटकलमानं चष्मा सारखा केला. "हजर एकवीस. दोन-तृतीयांश म्हणजे चौदा हात हवेत. कलम रद्द करावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

आजीनंही केला.

"आजी, तुम्ही सभासद नाही."

"टेबल माझं आहे!"

"टेबलाला मत नाही."

हात खाली आला. पोटकलमानं मोजले. पुन्हा मोजले. "तेरा."

भोंग्यानं सुस्कारा सोडला. आजीनं मशीनचं चाक घट्ट धरलं.

"थांबा," पोटकलम म्हणाला. "मोजणाऱ्याला मत आहे की नाही, ते कलम अकरामध्ये बघावं लागेल." तो कागदावर वाकला. वाचू लागला. पोटकलम अ झालं. आ झालं. आजी बोट ठेवून वाचते, पण हा तर तिच्यापेक्षाही हळू. इ पर्यंत पोचेतो तिच्या कपाळावर घाम आला. "इ मध्ये अपवाद दिलाय," तो म्हणाला आणि पुन्हा अ पासून सुरू झाला.

"अरे बाबा, माझं वय बघून तरी वाच!" आजी ओरडली.

"आहे," पोटकलम सरळ होत म्हणाला. "मत आहे." आणि आपला किडकिडीत हात वर केला. "चौदा. कलम सात रद्द."

एकच गलका झाला. सातवर रेघ मारली गेली, शेजारी सगळ्यांच्या लहान सह्या झाल्या. प्रश्न उरला तो भोकाचा. डकवलेला कागद कार्यालय घेणार नव्हतं. पोटकलमानं नोटीस दोनदा वाचली आणि निकाल दिला, "डकवलेला चालणार नाही असं आहे. शिवलेला चालणार नाही असं कुठंच नाही."

आजीनं मशीनमध्ये बारीक सुई घातली आणि खिसा पुन्हा लावला. अशी सफाईदार शिवण तिनं कुणाच्या लग्नाच्या कोटालाही घातली नव्हती.

दोरा तोडत ती रुबाबात उठली. एवढ्यात भोंगा घसा साफ करून म्हणाला, "मला एक मुद्दा मांडायचाय. कलम पंधरा. मंडळाच्या कागदपत्रांना हेतुपुरस्सर हानी पोचवणाऱ्या कोणाही व्यक्तीला तीन महिने सभेच्या जागी प्रवेश नाही. कोणाही व्यक्तीला. सभासद असो, नसो."

"बरोबर आहे कलम," पोटकलम दुःखानं म्हणाला.

सगळे ठमीकडे बघू लागले. आजी मात्र निवांत होती. आपलं रक्त, आपली दुधावरची साय.

ठमीनं कलम पंधरा बोट ठेवून वाचलं. मग मान वर केली. "कलम पंधरा लागू. आजी, सभा असेल तेव्हा तीन महिने तुला या खोलीत येता येणार नाही."

"माझ्या घरात?"

"घर तुझं. सभा आमची."

"तुझ्यासाठी केलं गं मी!"

"म्हणूनच," ठमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुला सोडलं, तर उद्या मला अध्यक्ष कोण म्हणेल? त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहील?"

या घरात आजीला कुणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही, त्याची छाती नव्हती. आजीनं पदर खोचला, भोंग्याकडे एक असा कटाक्ष टाकला की तो बसायची खुर्ची चुकला, आणि ताठ मानेनं स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी कार्यालयातल्या कारकुनानं शिवणीवरून बोट फिरवलं, कागद उलटा करून बघितला, नोटीस वाचली, साहेबांना विचारून आला आणि शिक्का मारला. विद्यापीठाची खोली मिळायला अजून वेळ होता, म्हणून पुढच्या आठवड्यात, त्याच पुढच्या खोलीत, अध्यक्षाची निवड ठेवली.

त्या दुपारी आजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. दार लोटलेलं. पलीकडून भोंग्याचं भाषण, मग खुर्च्यांचा आवाज, मग शांतता, मग टाळ्या. टाळ्यांवरून काही कळत नव्हतं, हे लोक कशालाही वाजवायचे. सुनेला प्रवेशबंदी नव्हती. ती चहाचे कप घेऊन आत गेली, बाहेर आली आणि ओट्याशी शांतपणे भांडी लावू लागली.

"काय झालं?" आजीनं विचारलं.

"सांगते की. आधी तेवढं दूध उतरवा, उतू जातंय."

आजीनं डोळे वटारले. सून वाटी पुसत राहिली. दूध कडेपर्यंत चढलं. आजी उठली, फडकं घेतलं आणि दूध उतरवलं.

"झाली अध्यक्ष," सून म्हणाली. "एकोणीस मतं पडली."

आजी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ फडक्याची घडी घालत होती. नीट बसेना ती.

"मग आजीला येऊन सांगायला पाय मोडले का तिचे?" ती शेवटी म्हणाली.

"सभा चालू आहे अजून," सून म्हणाली. "आणि जरा हळू बोला, आत ऐकू जातं."