उजव्या हातातलं खोटं

बायबलमधला यशया संदेष्ट्याचा तो उतारा वाचायची पाळी दर वर्षी सुतारावरच यायची, आणि दर वर्षी चर्चमध्ये खसखस पिकायची. त्यात एक माणूस झाड तोडतो, अर्धं लाकूड चुलीत घालतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव घडवून त्याच्याच पाया पडतो. "या संदेष्ट्याचं आमच्या धंद्याशी वाकडं आहे," म्हणत सुतारही हसायचा. आपल्या घरात कुठे मूर्ती आहे, असं त्याला वाटायचं.

घरात होतं ते काचेचं कपाट. मुलीच्या पोहण्याच्या पदकांसाठी त्याने स्वतः केलेलं, आत दिवा बसवलेलं. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तो कपाट दाखवायचा.

मुलगी पंधराची झाली आणि तिचा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून बापाला सांगितलं, "सहा महिने पोहणं बंद. नाहीतर हात कायमचा अधू होईल."

पोहण्याच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. सुतार बाहेर आला. "काही नाही गं, स्नायू धरलाय. गोळ्या घे, होईल बरं." बायकोलाही त्याने तेच सांगितलं.

चाचणीत चौथ्या फेरीला तिचा हात पाण्यातून वर आलाच नाही. नाकातोंडात पाणी गेलं. पोहण्याच्या शिक्षकाने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला बाहेर काढलं. शस्त्रक्रिया झाली, तरी हात खांद्याच्या वर जाईना. वेणीसुद्धा आई घालू लागली. सुतार मात्र रोज सकाळी कपाटाची काच पुसायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

अशात तो रविवार आला. सुतार नेहमीसारखा खणखणीत आवाजात वाचत गेला. शेवटी संदेष्टा म्हणतो, त्या माणसाला एवढंही सुचत नाही, की आपल्या उजव्या हातात धरलंय ते खोटं तर नाही ना. तिथे सुताराची नजर वर गेली. तिसऱ्या बाकावर मुलगी उजवा कोपर डाव्या हाताने सावरून बसली होती. शब्द समोर होते, तोंडातून निघेनात. कुणीतरी खोकलं. तो पुस्तक मिटून खाली उतरला. लोकांना वाटलं, चक्कर आली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच त्याने मुलीला सगळं सांगितलं.

ती चप्पल काढता काढता थांबली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि आईला?"

"तिला नाही. मी तिलाही फसवलं."

"मी विचारलं होतं, बाबा. 'नक्की ना?' म्हणून दोनदा विचारलं होतं."

आतून सगळं ऐकलेली बायको दारात येऊन उभी राहिली. ती रडली नाही, भांडलीही नाही. मुलीचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात मुलगी मावशीकडे राहायला गेली, तिथलीच शाळा धरली. ती निघायच्या आधी सुताराने कपाट खोलून फळ्या सुट्या केल्या. पदकं पिशवीत भरून, नेतेस का, विचारलं, तर ती म्हणाली, "तुमची आहेत ती."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. कधी त्यानेच उचलला तर ती शांतपणे म्हणते, "आईला द्या." तो फोन देतो, आणि बोलणं संपेपर्यंत दाराबाहेर उभा राहतो.