तांबडं की करडं

सेल्बीने बर्चच्या लाकडाचा ठोकळा पिस्टनच्या डोक्यावर ठेवला आणि वरून हातोडी हाणली. पिस्टन ढिम्म हलला नाही. त्याने ठोकळा जरासा फिरवला आणि पुन्हा हाणली. शेडच्या दारात टेकून उभा असलेला गार्लंड चहाचे घोट घेत होता.

"काका, कालपासून ही ठकठक ऐकतोय," तो म्हणाला. "त्या पिस्टनचं माहीत नाही, माझं मात्र डोकं उठलंय."

"मग कानात बोळे घाल, लेका."

गार्लंड सेल्बीच्या चुलतभावाचा मुलगा, राहायला शेजारीच. सेल्बीची होडी त्याला हवी होती आणि तसं तो उघड बोलायचा. माणूस वाईट नव्हे. गेल्या सप्टेंबरात भूशिराच्या पलीकडे सेल्बीच्या होडीची मोटर किंचाळून बंद पडली, तेव्हा दोर टाकून त्याला घरी ओढत आणलं होतं ते गार्लंडनेच. पण त्याच संध्याकाळी त्याने दूर अल्बर्टा प्रांतात फोन लावून सगळं डॅफ्नीच्या कानावर घातलं. डॅफ्नी म्हणजे सेल्बीची मुलगी, तिकडच्या खाणीत मोठाली यंत्रं दुरुस्त करते. गार्लंडचा तो चोंबडेपणा सेल्बीच्या डोक्यात गेला होता तो अजून उतरला नव्हता.

डॅफ्नीने फोनवर आडपडदा ठेवला नाही. "बाबा, तू पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलास."

"साठ वर्षं मोटर चालवतोय मी! मागून लाट आली, खारं पाणी आत गेलं आणि पिस्टन गंजून धरला. बस्स."

"मग उघडून बघ ना. तूच शिकवलंयस मला. पाण्याने धरला असेल तर आत तांबडा गंज दिसेल. तेलावाचून धरला असेल तर पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला करडं फासलेलं दिसेल. तांबडं निघालं तर मी माफी मागेन. करडं निघालं तर होडी गार्लंडला द्यायची. एकटा असतोस तू पाण्यावर, बाबा. आज तेल विसरलास, उद्या घरची वाट विसरशील."

या शेवटच्या वाक्यावर सेल्बीने फोन ठेवून दिला होता. नंतर अख्खा हिवाळा त्याने मोटरला हात लावला नाही. शेडमध्ये गारठा आहे म्हणाला, मग पाठ धरली आहे म्हणाला. आता येत्या शनिवारी घरापुरता कॉड मासा धरायला परवानगी सुरू होणार होती. पहिल्या दिवशी गॅनेट कोव्ह गावातली झाडून सगळी माणसं पाण्यावर असतात. जो नसतो त्याची तब्येत विचारायला लोक घरी येतात. सेल्बीला अशी विचारपूस नको होती. आज गुरुवार होता.

गार्लंडने कप रिकामा केला. "शनिवारी माझ्याबरोबर चला की काका. पुढे बसा आरामात."

"प्रवासी म्हणून?"

"तसं नव्हे हो..."

"जा, तुझी जाळी वाट बघतायत."

गार्लंड गेला. सेल्बीने प्लगच्या भोकातून आठ दिवस डिझेल आणि गिअरचं तेल ओतलं होतं, रोज थोडं थोडं, मुरत ठेवून. काल सिलेंडरचं वरचं झाकण काढलं. पिस्टन अगदी वरच अडकला होता. त्याच्या वर बोटभर भिंत दिसत होती आणि ती स्वच्छ होती. खरं काय ते पिस्टनच्या खाली दडलेलं होतं. तो सरकल्याशिवाय तांबडंही नाही आणि करडंही नाही.

त्याने फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोटरच्या जड चाकाच्या, नटाला लांब दांड्याचा पाना लावला. ओढायचं, सोडायचं, उलट ढकलायचं. हिसका देऊन चालत नाही, आतला दांडा वाकला की मोटर कायमची गेली. घाम डोळ्यांत उतरला तरी त्याने पाना सोडला नाही. तुझ्या नाही, माझ्या मनासारखं होईल, असं तो त्या लोखंडाला मोठ्याने म्हणाला आणि त्याला बरं वाटलं.

"कुणाशी भांडतोयस?" त्याची बायको एफी उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली होती. सकाळपासूनची ही पाचवी. ऑपरेशनने बसवलेल्या नव्या गुडघ्यावर ती अजून लंगडायची, पण किटली आणायला दुसऱ्या कुणाला देत नव्हती.

"ओत. बाहेरच्या बाजूने, हळू."

तिने सिलेंडरवर पाणी सोडलं. वाफ झाली. सिलेंडर तापून फुगतो, तेल केसभर खाली उतरतं. सेल्बीने पाना ओढला. काही नाही.

"आणखी आणते," म्हणून एफी गेली.

तिची पावलं अंगणात असतानाच पाना त्याच्या हातात गव्हाच्या दाण्याएवढा सरकला. सेल्बीने श्वास रोखला. उलट ढकललं. परत आला. पुन्हा ओढलं, दोन दाणे. "आलास की नाही! आलास की नाही, हरामखोरा!" तो ओरडला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस तिथल्या तिथे दोन पावलं नाचला. मग त्याने फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून फिरवलं. पिस्टन करकरत खाली गेला.

त्याने फडकं गुंडाळून भिंत पुसली आणि विजेरी आत धरली.

करडं. धुराच्या वाटेच्या बाजूला दोन बोटं रुंद, पार खालपर्यंत फासलेलं. तांबड्याचा ठिपका नव्हता. त्याने पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं.

सेल्बी पालथ्या टबावर बसला. घासायचा एमरी कागद समोरच होता. तो थर तर काढायचाच होता, त्याशिवाय मोटर चालणारच नव्हती. दहा मिनिटं घासलं की भिंत लख्ख. विचारलंच कुणी तर गंज होता, घासला म्हणायचं. त्याने कागदाचा तुकडा फाडला, बोटाला गुंडाळला आणि आत घातला. एकदा घासलं, दोनदा घासलं. बोट बाहेर काढलं तर करडी पूड.

एफी किटली घेऊन दारात आली. "निघाला?"

"निघाला."

"काय दिसलं?"

तो उठून बाजूला झाला. तिने किटली खाली ठेवली, वाकून आत पाहिलं, भिंतीवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून उमटलं नाही. सेल्बीला तेच लागलं.

"तुला माहीत होतं."

"मोटर बंद पडली तेव्हा मी गँडरच्या इस्पितळात होते, गुडघ्यासाठी. घरी असते तर झालं नसतं हे."

"म्हणजे काय?"

एफीने पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा कोपरा मुरगळला. "तू बूट चढवेपर्यंत मी पेट्रोलच्या कॅनमध्ये बोट बुडवून बघायचे. बुळबुळीत लागलं तर ठीक. नाही लागलं तर तेल मी घालायचे."

"किती वेळा?"

"जाऊ दे ना आता."

"किती वेळा, एफी?"

"गेल्या वर्षी चार. त्याच्या आदल्या वर्षी एकदा."

सेल्बीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू होडीत पाय ठेवला नसतास. खिडकीत बसून राहिला असतास तुझ्या बापासारखा. मला नाही बघवलं असतं ते." तिने एप्रन सोडला. "घाबरतच होते मी रोज. पण तू परत यायचास तेव्हा कसा दिसायचास, ते तुला नाही ठाऊक."

मग सेल्बीने हात पुसले. "फोन दे तुझा."

डॅफ्नीने दुसऱ्याच घंटीला उचलला. मागे यंत्रांची घरघर होती.

"करडं," सेल्बी म्हणाला.

"बाबा..."

"ऐक आधी. एकदाच नाही विसरलो. आधीही पाच वेळा. तुझी आई निस्तरत होती, मला आत्ता कळतंय. तुझी अट मान्य. होडी गार्लंडला सांगतो."

एफीने फोन त्याच्या हातातून हिसकावूनच घेतला आणि स्पीकरवर टाकला. "काही सांगत नाही तो गार्लंडला. बाई गं, तुझी तक्रार एकटा जातो ही होती ना? नाही जायचा एकटा. मी जाईन बरोबर."

"आई! धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा उलट्या होतात तुला!"

"होऊ देत. समुद्र म्हणजे काय आपला दिवाणखाना आहे खराब व्हायला?"

पलीकडे डॅफ्नी हसली की रडली ते कळलं नाही. मग तिचा कामावरचा, कोरडा आवाज आला. "आणि तेल कोण घालणार?"

"मीच घालणार," सेल्बी फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाला.

"घालू दे त्याला," एफी म्हणाली. "मी बोट बुडवून बघेन. त्याच्या समोर."