वेशीबाहेर पुरलेली पेटी

खरवईच्या नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, शरदचंद्र परब नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ कानाला हेडफोन लावून लाकडं फोडत बसायचे. खरी लाकडं नव्हेत हो, कॉम्प्युटरवरच्या खेळातली. आता तुम्ही म्हणाल, या वयात माणसाने गच्चीत फेऱ्या माराव्यात, बीपीची गोळी वेळेवर घ्यावी. नीलिमाताई, म्हणजे त्यांची बायको, अगदी हेच म्हणायच्या. पण शरदचंद्रांना खेळाची हौस नव्हतीच मुळी. त्यांना मुलाचा आवाज ऐकायचा होता, आणि तो आवाज घरात मिळत नव्हता, खेळात मिळत होता.

मुलगा देवदत्त पलीकडच्याच खोलीत असायचा. मधे एक भिंत, तीही बिल्डरची, म्हणजे पुठ्ठ्याच्या भावाची. पण 'जेवतोस का?' विचारलं की 'हं', आणि 'बरं वाटतंय का?' विचारलं की तेही नाही. गेल्या पावसाळ्यापासून हे असं चाललेलं. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तो शिफ्ट ऑफिसर होता. टाकी साफ करायला माणूस आत उतरवण्याआधी आतला गॅस तपासायचा असतो. देवदत्तने तो तपासला नाही, आणि हरिचंद्र नावाच्या हेल्परला 'उतर' म्हणून सांगितलं. हरिचंद्र उतरला तो वर आलाच नाही.

चौकशी लागली. शरदचंद्रांची उभी नोकरी त्याच एमआयडीसीत गेलेली, ओळखी दांडग्या. कारखान्याचा पर्सोनेल मॅनेजर हिंदुराव त्यांचा जुना दोस्त. शरदचंद्र त्याच्या घरी चहाला गेले आणि चहा संपेस्तोवर काम झालं होतं. हेल्पर न विचारता आपल्या मनाने आत उतरला, असं ठरलं. देवदत्तला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. बाप म्हणून आपण आपलं कर्तव्य केलं, असं शरदचंद्रांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत होतं. मुलगा मात्र त्या दिवसापासून खोलीत गेला. नोकरी सोडली, दाढी वाढवली, बाहेरची चप्पल घालायची सोडली.

मग एके दिवशी भिंतीपलीकडून शरदचंद्रांना त्याचा आवाज ऐकू आला. 'अवध्या, लांडगा आला, माझ्या मागे ये!' कित्येक महिन्यांनी पोरगं एवढं मोठ्याने बोललं होतं. शरदचंद्र दाराला कान लावून उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना लॅपटॉप दुरुस्तीला टाकला.

खेळ असा होता: चार माणसं उघड्यानागड्या अवस्थेत एका बेटावर पडतात, आणि जगून दाखवायचं. भूक लागते, थंडी वाजते, जनावरं येतात, दुसऱ्या टोळ्या लुटायला येतात. ही चौघं म्हणजे देवदत्त, त्याचा शाळेतला दोस्त अवधूत, कारखान्याच्या लॅबमधली करिष्मा, आणि शरदचंद्र. अवधूतचं उल्हासनगर कॅम्प तीनला जीन्स शिवायचं वर्कशॉप. अवधूत-करिष्माला सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून सगळे जमायचे. पहिले काही महिने काय सांगू! शरदचंद्र दर तासाला मरायचे. 'बाबा, पाण्यात काय उभे राहताय, गारठून जाल!' 'बाबा, ती बोरं विषारी आहेत!' पोरगं ओरडायचं आणि बापाच्या जिवाला थंडावा मिळायचा. माणसाला मुलाच्या शिव्याही गोड लागतात, त्याची वेळ यावी लागते.

पण झालं काय, की ते जगले. नुसते जगले नाहीत, माजले. देवदत्तने दगडी कोट बांधला, दुहेरी. कोठार बांधलं, त्यात रांगेने निळ्या रंगवलेल्या पेट्या, सगळ्या धान्याने भरलेल्या. लांडगे वेशीकडे फिरकेनात. लुटारू टोळ्या लांबूनच कोट बघून परत जायला लागल्या. करायला काही उरलंच नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. करिष्मा बागेत फुलं लावत बसली. अवधूतने एक शुक्रवार दांडी मारली, मग दुसरा.

"साईं, लग्नसराई आहे, माल काढायचाय," तो म्हणाला. कॅम्पात सिंधी व्यापाऱ्यांत राहून त्याच्या तोंडात सगळ्यांसाठी 'साईं' बसलेलं. "आणि खरं बोलू का, बोर होतंय. सब कुछ है अपने पास. मजा तेव्हा होती जेव्हा काहीच नव्हतं."

त्या शुक्रवारी देवदत्त कोटावर चढून नुसता उभा राहिला. पुढच्या शुक्रवारी आलाच नाही. भिंतीपलीकडे चिडीचूप. शरदचंद्र एकटेच त्या भरल्या गावात हिंडले. हा खेळ संपला की पोरगं संपलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं. नव्या लढाया, नवं बेट, मोठा किल्ला, सगळं सुचवून झालं. देवदत्त 'हं' म्हणाला. खेळातही 'हं' आला, तेव्हा शरदचंद्रांची झोप उडाली.

आणि मग त्यांना आपलं गाव आठवलं. परब मूळचे कोकणातले, तळकोकणातले. त्यांच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण व्हायची. देवाचा हुकूम झाला की अख्खं गाव उठायचं, गुरंढोरं, कोंबड्या, पाळण्यातली पोरं घेऊन वेशीबाहेर जायचं आणि माडाच्या झापांच्या खोपटांत तीन दिवस राहायचं. घरांना कुलूप लावायचं नाही. मागे वळून कोणी काही आणायला जायचं नाही. चौथ्या दिवशी देवाचा कौल घ्यायचा, आणि देवाने होकार दिला तरच परत. नाही दिला तर आणखी मुक्काम. लहानपणी त्या तीन दिवसांएवढी मजा शरदचंद्रांनी पुढे जन्मात केली नव्हती. आणि परत आल्यावर आपलंच घर किती मोठं वाटायचं!

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आपण आपल्या गावाची गावपळण करू. कोट उघडा टाकायचा, हातात एकेक कोंबडी, बाकी काही नाही. खेळातला दिवस म्हणजे आपला एक तास. तीन दिवस वेशीबाहेर.

"काका, तुम्ही कडक माणूस आहात," अवधूतचं लगेच उत्तर आलं. "मी येतो. शिलाई गेली तेल लावत."

करिष्मा म्हणाली कौल तिच्याकडे. चौथ्या दिवशी ती कोंबडी सोडणार, कोंबडी वेशीकडे पळाली तर होकार. आणि देवदत्तने, इतक्या दिवसांनी, आपण होऊन विचारलं, "बाबा, दारंसुद्धा उघडीच ठेवायची?"

"उघडीच," शरदचंद्र म्हणाले. "तोच तर नेम आहे."

आता इथे गप्प बसतील तर ते शरदचंद्र कसले! शुक्रवारी सकाळी पोरगं झोपलेलं असताना त्यांनी लॅपटॉप उघडला. कोठारातून एक निळी पेटी काढून रिकामी केली. सुकी मासळी, घोंगड्या, जखमेवरचा लेप, सगळं भरलं आणि वेशीबाहेर एका मोठ्या झाडाखाली पुरून ठेवलं. न जाणो, पोरगं उपाशी मेलं, पुन्हा खोलीत जाऊन पडलं, तर? जित्याची खोड. नीलिमाताई मागून बघत होत्या.

"अहो, तिथेही पुरणपोळी पोचवणार का आता?" त्या म्हणाल्या.

दुपारी चौघं बाहेर पडले. पहिल्याच रात्री थंडीने करिष्माची दातखीळ बसली. अवधूतने पाल्याचं खोपटं बांधलं ते वाऱ्याने उडालं, आणि तो ते आणायला पळाला तर त्याच्यामागे रानडुक्कर लागलं. देवदत्त हसला. भिंतीपलीकडून हसला आणि हेडफोनमधूनही हसला, शरदचंद्रांना दोन्हीकडून ऐकू आलं. स्वयंपाकघरात नीलिमाताईंच्या हातातला डाव थांबला. दुसऱ्या दिवशी चौघांना मिळून एक मासा मिळाला. देवदत्त हुकूम सोडत होता, अवधूत शिव्या देत होता, करिष्मा आपली कोंबडी कापायला साफ नाही म्हणत होती. शरदचंद्रांना वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी लांडगा आला. देवदत्त त्याच्याशी एकटा भिडला, त्याला मारलं, पण स्वतः पार चिरफाळला. रक्त थांबेना. पोटात अन्न नाही.

"मरतोय बहुतेक," तो म्हणाला. पण आवाज कसा होता म्हणाल तर जिवंत, लखलखीत. "थांबा, कोणी काही करू नका. मी बघतो."

तेवढं ऐकून तरी बापाने हात आवरावा की नाही? नाही आवरला.

"देवा, त्या मोठ्या झाडाखाली जरा खणून बघ रे," शरदचंद्र म्हणाले. "माती मोकळी दिसतेय तिथली."

देवदत्तने खणलं. निळी पेटी वर आली. आत मासळी, घोंगड्या, लेप, सगळं नीट लावलेलं.

"काका, चीटिंग!" अवधूत खदखदून हसला. करिष्माही हसली. देवदत्त हसला नाही.

"ही आपल्या कोठारातली आहे," तो म्हणाला. "मी रंगवलेली."

"अरे, असावी म्हणून ठेवली. अडीअडचणीला."

"कधी ठेवलीत?"

"सकाळी."

मग देवदत्तचा आवाज आला, हळू, आणि हळू असल्यामुळे भिंतीतून नाही, फक्त कानात.

"तेव्हाही असंच केलंत बाबा. मी सांगणार होतो चौकशीत. रात्रभर बसून काय सांगायचं ते मनात ठरवलं होतं. तुम्ही आधीच जाऊन पेटी पुरून आलात."

"देवा, ते वेगळं. आत गेला असतास. तुझं आयुष्य..."

"मी 'उतर' म्हटलं होतं त्याला. गॅस न बघता म्हटलं. अवध्या, ऐकतोयस? करिष्मा? मी म्हटलं होतं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "हरिचंद्रच्या पाड्यावर लोक काय म्हणतात ते करिष्माने सांगितलं मला. तो पिऊन उतरला म्हणतात. त्याच्या बायकोच्या, अक्षदाच्या तोंडावर म्हणतात. तो पीत नव्हता हो बाबा. आयुष्यात कधी प्यायला नाही तो."

हे सगळं शरदचंद्रांनी मुलासाठी केलं होतं, आणि मुलाचं जे काय झालं तेही त्यामुळेच झालं होतं. हे आज पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते दोन परक्या मुलांसमोर आलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीचं दार उघडलं. देवदत्त हॉलमध्ये आला. उजेडात त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसत होता. चपलांच्या रॅकपाशी तो खाली बसला आणि आपले बूट शोधायला लागला. ते अगदी मागे गेले होते, त्यांच्यावर धूळ होती.

"कुठे रे?" नीलिमाताईंनी विचारलं.

"धरणाजवळच्या पाड्यावर. हरिचंद्रच्या घरी. अक्षदाला सांगायला. आणि उद्या पोलिसांना सांगायला."

नीलिमाताई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्यांनी नको म्हटलं नाही. शरदचंद्रांचा हात मात्र आपोआप टेबलावरच्या मोबाईलकडे गेला. हिंदुरावला एक फोन. निदान एखादा वकील. निदान आधी कोणाला तरी पाड्यावर पाठवून लोकांचा रागरंग बघून... देवदत्त बुटाची नाडी बांधता बांधता त्यांच्या हाताकडे बघत होता.

शरदचंद्रांनी मोबाईल पालथा ठेवला.

"मी येऊ?" त्यांनी विचारलं. मुलाला असं विचारायची त्यांना सवय नव्हती, आवाज चोरासारखा निघाला.

देवदत्त उभा राहिला. "या. पण तिथे तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार."

"नाही बोलणार."

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून करिष्माचा बारीक आवाज येत होता. "काका, चौथा दिवस उजाडला. कोंबडी सोडू का?" शरदचंद्रांनी हेडफोन उचलून तोंडाजवळ धरला.

"नको पोरी," ते म्हणाले. "आज गावात कोणी परत जायचं नाही."

दोघं जिने उतरले. लिफ्ट होती, पण देवदत्त जिन्यानेच निघाला आणि प्रत्येक मजल्यावर थोडा थांबला. वरून दार ओढल्याचा आवाज आला नाही. नीलिमाताई उघड्या दारात उभ्या होत्या.

नाक्यावर ऊन होतं, रिक्षांचा गलका होता. देवदत्त कठड्याला धरून उभा राहिला. शरदचंद्रांनी त्याचा दंड धरायला हात पुढे केला, मग तो खिशात घातला. एक रिक्षा वळून समोर आली.

"बोला काका, कुठे?" रिक्षावाल्याने विचारलं.

पाड्याचं नाव शरदचंद्रांच्या जिभेवर आलं होतं. एवढ्या वर्षांत मुलासाठी कुठे जायचं ते त्यांनीच सांगितलं होतं, शाळेत, कॉलेजात, कारखान्यात. त्यांनी दात आवळले. रिक्षावाला वाट बघत होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि देवदत्तच्या ओठातून काही बाहेर पडत नव्हतं. रिक्षावाल्याने पुन्हा शरदचंद्रांकडे पाहिलं.

"त्याला विचारा," शरदचंद्र म्हणाले.

बराच वेळ गेला. रिक्षावाला वैतागून गिअर टाकणार, तेवढ्यात देवदत्तने पाड्याचं नाव सांगितलं.